कार्ड काढण्याची चौथी पायरी

९ एप्रिल

टकळे,

तळघरातल्या बिनखिडकीच्या खोल्यांत बसून जगाची यंत्रं चालू ठेवणाऱ्या, आणि एखादं यंत्र बंद पडेपर्यंत ज्यांचं तोंड कुणी बघत नाही अशा माझ्या तमाम बंधुभगिनींनो! आजच्या सभेला तू एकटीच हजर आहेस, तरी भाषण मी पूर्ण करणार. अठ्ठावीस वर्षं त्याच तळघरात काढली आहेत, रिकाम्या खुर्च्यांची मला भीती वाटत नाही.

तुझ्या बापाचा फोन आला होता. माझा सख्खा भाऊ असला तरी सांगते, त्या माणसाला बातमी सांगता येत नाही. "पोरीने चालू मशीनमधून काहीतरी काढलं आणि आता तिलाच काढायला बसलेत," एवढं बोलला, आणि गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. मी दोन तास विचार करते आहे, काय काढलंस तू?

सगळं सविस्तर लिही, आणि कागदावर लिही. ऑफिसच्या मेलवर नको. ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच हाती निरोप देऊ नये. फोनही नको. फोनवर तू रडशील, मी ओरडेन आणि तुझा बाप मध्येच दुधाचं काहीतरी काढेल.

तोवर एकच सांगते. तुझ्यापुढे काहीही ठेवलं तरी सही करू नकोस. आपल्या भल्यासाठी आलेला माणूस सोबत पेन घेऊन येत नसतो.

माझ्याकडची बातमी अशी, की तुमच्या केंद्रातल्या प्रशिक्षणाच्या खोलीला माझं नाव देणार आहेत. दोन मे रोजी पाटी लागेल. मी अजून जिवंत आहे हे त्यांना कळवलं, तर म्हणाले, चालेल.

तुझी,
आत्या


१४ एप्रिल

आत्या,

सभा शांततेत पार पडली. श्रोत्यांना चहा मिळाला नाही.

हे पत्र बाबा वाचल्याशिवाय पाकिटात घालू देणार नाहीत, म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही पहिल्यापासून लिहिते.

लोक रुग्णवाहिकेसाठी आमच्या केंद्रात फोन करतात. वरच्या मजल्यावर फोन घेतले जातात, पत्ता टाइप होतो आणि कोणती गाडी जवळ आहे ते यंत्र सांगतं. ते यंत्र खाली माझ्याकडे असतं. म्हणजे खरं तर ते नसतंच. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात आम्ही सहा खोटी यंत्रं चालवतो, त्यांना व्हीएम म्हणतात. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र, आपला संसार वेगळा. बाबा म्हणाले, "म्हणजे एकत्र कुटुंब." मी म्हटलं, हो, आणि नेटवर्कचं कार्ड सगळ्यांत मिळून एक. त्याचेच तुकडे पाडून प्रत्येकाच्या हातात एकेक दिलेला.

गेल्या मंगळवारी त्या कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. त्यासाठी सहाही जणांच्या हातून तुकडा काढून घ्यायचा, तोही ती चालू असताना, कारण "आज दुपारी कुणी आजारी पडू नका" अशी नोटीस लावता येत नाही. तेवढ्या वेळापुरतं सगळ्यांकडे एकेक साधं, संथ कार्ड असतं, त्यावर भागतं.

काढायची रीत अशी, की हिसकावायचं नाही. आधी आतल्या यंत्राला सांगायचं, सोड. ते हातातलं काम उरकतं, सोडतं, आणि मग काढायचं. मी पाच जणांना सांगितलं, पाचांनी सोडलं. सहाव्याला सांगितलं. स्क्रीनवर आलं, "विनंती पाठवली." भिंतीवरच्या कागदावर त्यापुढची ओळ आहे, "आता मूळ कार्ड बंद करा." मी बंद केलं.

सहाव्याने सोडलंच नव्हतं. ते यंत्र फार जुनं आहे, तू निवृत्त झाल्यावर दुसऱ्या केंद्रातून उचलून आणलेलं. "सोड" हा निरोप ऐकणारा भाग त्याच्यात कुणी कधी चालूच केलेला नव्हता. माझी विनंती गेली, त्याच्या कानावर काही पडलं नाही, आणि मी मात्र काम झालं असं समजले. ते हातात नसलेल्या कार्डाशी बोलत राहिलं आणि शेवटी गोठलं. बाबा म्हणाले, "माणूस शिडीवर असताना शिडी काढली." मी म्हटलं, उतर म्हणून हाक मारली होती. ते म्हणाले, "वर बघितलं होतंस का?"

बाबांना बातमी सांगता येत नसेल, पण एवढं येतं.

सहावं यंत्र म्हणजे नेमकं गाड्या नेमून देणारं. दुपारी दोन चाळीसपासून अकरा मिनिटं वरच्या मजल्यावर लोक कागदावर पत्ते लिहून एकमेकांना ओरडून सांगत होते. चार फोन आले. तिघांना वेळेत गाडी मिळाली. एका आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ते फरशीवर नऊ मिनिटं जास्त पडून राहिले. आता बरे आहेत. मी कुणाला न सांगता त्यांना बघायला गेले होते. त्यांनी विचारलं, तू नर्स का. मी हो म्हटलं, त्यांची उशी नीट केली आणि पळून आले.

आता पेनवाल्याविषयी. मोठे साहेब स्वतः खाली आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. जिन्यात डोकं आपटलं त्यांचं. टाइप केलेला कागद आणला होता, "माझ्या वैयक्तिक निष्काळजीपणामुळे" असा सुरू होणारा. त्यात माझं नाव सोडलं तर माझं काही नाही. सही केली तर ताकीद मिळेल आणि बदली कोठीत, कागद आणि प्रिंटरची शाई वाटायला. नाही केली तर चार मेला, सोमवारी साडेदहाला चौकशी, आणि त्यात नोकरीही जाऊ शकते.

मी विचारलं, भिंतीवरचा कागद कुणी लिहिला? म्हणाले, "तो पूर्वीपासून आहे." जसा काही डोंगर आहे.

तुझी,
टकळी


१८ एप्रिल

टकळे,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा शिव्या दिल्या, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन वाचलं.

भिंतीवर एकच पान आहे? अगं, चालू यंत्रातून कार्ड काढायची रीत मी लिहिली तेव्हा ती अकरा पानांची होती. अकरा! एकेक पायरी मी हाताने करून बघितली होती. आतल्या यंत्राला सोड म्हणून सांगणं ही तिसरी पायरी. मूळ कार्ड बंद करणं ही पाचवी. मधे चौथी होती, आणि ती का होती हे आंधळ्यालाही कळेल: विनंती पाठवल्यावर काय झालं ते आतून बघायचं, बाहेरून बघायचं, आणि तुकडा सुटला तरी तो सुटलेलाच राहतो याची खात्री होईपर्यंत पूर्ण पंधरा मिनिटं हात मांडीखाली घेऊन बसायचं. तेवढ्यात सुटलाच नाही तर त्या दिवशी ते कामच सोडून द्यायचं, कुणाच्या बापाची भीड न ठेवता.

ती पायरी कुणीतरी खाल्ली. मला चेहरासुद्धा दिसतो आहे त्याचा. इस्त्रीचा कोट, तळघरात कधी पाय ठेवलेला नाही, वाट बघणं म्हणजे आळस अशी ज्याची समजूत. इतिहासभर हेच चाललं आहे. पूल बांधतो तो एक, त्याचा खांब कमी करतो तो दुसरा, आणि पूल पडला की बुडणाऱ्याला विचारतात, "तुला पोहता का येत नाही?"

तुझ्याकडून चूक झाली, ती मी झाकणार नाही. पाठवलं म्हणजे पोचलं असं कधी धरू नये. पण समोरच्या कागदाने जी पायरी दाखवलीच नाही तिथे पाय टाकला नाहीस म्हणून तुला एकटीला पाडायचं, हे मी चालू देणार नाही.

मोठ्या कपाटात, खालच्या कप्प्यात, जुन्या तारांच्या गुंडाळ्यांमागे हिरवी फाइल आहे. तिच्यात माझी अकरा पानं आहेत आणि त्यानंतर कुणी काय बदललं त्याच्या सह्या. तो नियम मीच केला होता, सहीशिवाय एक शब्द हलवायचा नाही. जा, काढ ती फाइल. पायरी खाणाऱ्याचं नाव मला कळव. जिवंत असेल तर त्याला पळता भुई थोडी करते, आणि मेला असेल तर त्याच्या शोकसभेत बोलायचं राहून गेलं असं समजते.

आत्या


२४ एप्रिल

आत्या,

उत्तराला उशीर झाला. काम होतं.

फाइल काही मिळाली नाही. कपाट हलवलंय बहुतेक. जाऊ दे.

मी सही करायचं ठरवलं आहे. फार विचार करून ठरवलं, तेव्हा रागावू नकोस. सगळे म्हणतात ताकीद म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. माझ्या शेजारी बसणारा चष्मिस आता माझं काम बघेल. दुसऱ्या सर्व्हरचं कार्ड आठ मेला, शुक्रवारी करायचं आहे, ते तोच करणार. मुलगा हुशार आहे, कागदावर लिहिलेलं एक अक्षर सोडत नाही.

पाटी आली आहे. दाराशी गुंडाळून ठेवली आहे. छान आहे.

टकळी


२६ एप्रिल

कुमारी टकळी यांस,

तुला बोलायला सुरुवात केल्यापासून कुणी थांबवू शकलेलं नाही. तुझ्या बारशाला पाहुण्यांपेक्षा तू जास्त बोललीस. आणि आज मला चौदा ओळींचं पत्र येतं, त्यातल्या दोन पाटीवर.

तू घाबरली आहेस. घाबरणं मला कळतं, मीही घाबरत आले आहे. पण दर वेळी घाबरत घाबरत उभी राहिले. तू घाबरून बसलीस. आमच्या घरात एक बाप दूध उतू जाईल म्हणून पळतो, तो पुरेसा आहे.

कपाट हलवलंय म्हणे. ते कपाट मी आणि सहा जणांनी मिळून खाली उतरवलं, आणि त्यानंतर जिना अरुंद केला गेला. ते त्या खोलीतून बाहेर निघूच शकत नाही. म्हणजे तू शोधलंच नाहीस.

ठीक आहे. तू सही कर. मी दोन तारखेला येते. पाटीवरचा पडदा बाजूला झाला की मोठे साहेब मला दोन शब्द बोलायला सांगतील. मी दोन हजार बोलेन. सगळ्यांसमोर ती फाइल मागवीन आणि चौथी पायरी कुणी खाल्ली त्याचं नाव तिथल्या तिथे वाचून दाखवीन. त्या वेळी तू कोठीत शाई मोजत बस.

आत्या


२८ एप्रिल

आत्या,

हे कुरियरने पाठवते आहे, कारण तू दोन तारखेला ते करू नयेस.

फाइल मिळाली होती. तू सांगितलंस तिथेच, तारांच्या मागे. एकोणीस तारखेलाच मिळाली. पान सात.

चौथी पायरी तू लिहिलीस तशीच आहे. आतून बघा, बाहेरून बघा, पंधरा मिनिटं, नाही तर काम सोडा. तिच्यावरून पट्टी लावून पेन्सिलीची रेघ मारली आहे आणि बाजूला लिहिलं आहे, "तीन सेकंदांत सोडतंच. वाट बघण्यात शिफ्ट जाते. काट." खाली सही आणि तारीख.

अक्षर तुझं आहे. मला बघता क्षणी कळलं. अक्षर गिरवायला मला तूच शिकवलंस ना, तुझा क माझ्याही हातात आहे. मी तरी सही दहा वेळा बघितली, उजेडात नेऊन बघितली. तारीख तुमचा आठ तासांचा करार झाला त्याच आठवड्यातली आहे. ज्या करारामुळे मी संध्याकाळी घरी जाते.

मी फाइल होती तशी ठेवून दिली आणि तुला खोटं लिहिलं. कपाटाचं मला सुचायला नको होतं, ते मान्य.

आता माझं ऐक. तू ये, पाटीखाली उभी राहा, मोठ्या साहेबांची थट्टा कर, लोक हसतील. फाइल मागू नकोस. सही अजून केलेली नाही, पण केली तरी मला काही होणार नाही. कोठी वाईट नाही. तिथे खिडकी आहे.

टकळी


३० एप्रिल

पत्र मिळालं.

त्या काळात सहाही यंत्रं ऐकत होती. तीन सेकंदांत सोडत होती. मी खोटं काही लिहिलेलं नाही.

आत्या


१ मे

टकळे,

कालच्या चार ओळी फाडून टाक. नाही, टाकू नकोस, ठेव. माणूस पकडला गेल्यावर आधी काय बोलतो त्याचा नमुना म्हणून बऱ्या आहेत.

मी विसरले होते म्हणू? म्हणवत नाही. तुला त्या फाइलीकडे पाठवलं तेव्हा मला रेघ आठवत नव्हती हे खरं. पण एखादी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं आठवत नाही तेव्हा ती न आठवण्यावर आपण बरेच कष्ट घेतलेले असतात.

झालं होतं ते असं. कार्डं काढायचा दिवस आला की साडेनऊ तास कुणी घरी जात नसे. मी आठ तासांसाठी भांडले. पायऱ्यांवर उभी राहून बोलले, घसा बसला. त्या वेळचे साहेब हुशार होते, म्हणाले, "बाई, काम आठ तासांत बसवून दाखवा, मी सही करतो." मी हिशेब मांडला. सहा यंत्रं, प्रत्येकी पंधरा मिनिटांची वाट, दीड तास. बरोबर तेवढाच आडवा येत होता. जेवणाच्या सुट्टीत मी पट्टी घेतली आणि रेघ मारली. मला वाटलं, मी तर सवयीने आत डोकावून बघतेच, कागदावर असो नसो. माझ्यामागून येणारेही बघतील. का बघतील? त्यांना कुणी सांगितलं? हे मी स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी करार झाला, लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खांद्यावर बसल्यावर खालचं फार बारीक दिसत नाही.

आठ तास मागणं चूक नव्हतं, आजही मागेन. चूक ही, की मला दोन माणसं जास्त मागायला हवी होती आणि ते भांडण अवघड होतं. यंत्राच्या वाट बघण्याचा वेळ कापणं सोपं होतं. तो कापला म्हणून कुणी मोर्चा काढत नाही. मालक कामगाराची भाकरी कापतो तेव्हा मी आकाशपाताळ एक करते. इथे मी उद्याच्या कामगाराचा आधार कापला आणि वर टाळ्या घेतल्या. इस्त्रीचा कोट घातलेला माणूस मी तुला इतका रंगवून सांगितला. त्याला कोट नव्हता. माझी निळी ओढणी होती.

आता तुझ्याविषयी. तू मला वाचवायला निघालीस. कुणी मला वाचवावं असं आजवर झालेलं नाही, त्यामुळे कसं वागायचं ते कळेना, म्हणून काल तसं लिहिलं. पण तुझं हे वाचवणं कशावर उभं आहे ते बघ. तू सही केलीस की दोष तुझ्या स्वभावात गेला, कागद निर्दोष सुटला. शुक्रवारी तो चष्मिस तोच कागद पुढ्यात घेऊन बसेल. एक अक्षर सोडत नाही म्हणतेस. मग जे अक्षर त्यावर नाहीच ते तो कसं वाचणार? दुसऱ्या सर्व्हरवरही एखादं जुनं, बहिरं यंत्र असेल. मग फरशीवर कोण पडून राहील? माझी अब्रू सांभाळायला एखाद्या अनोळखी माणसाचं खुब्याचं हाड मी वापरणार नाही. तूही वापरू नकोस.

पाटी करणाऱ्याला फोन केला. म्हणाला, अक्षरं कोरून झाली, आता परत घेता येत नाही. म्हटलं, पालथी घाला, चहाचे कप ठेवायला होईल. मोठ्या साहेबांना कळवलं आहे की उद्या मी येत नाही, आणि कारण त्यांना सोमवारी लेखी मिळेल. त्यांना वाटलं मी आजारी आहे. फुलं पाठवतो म्हणाले.

हे मीही कुरियरने पाठवते आहे, सोबत दोन कागद आहेत. पहिला माझा जबाब: चौथी पायरी मी लिहिली, मीच खोडली, कोणत्या दिवशी आणि कशाच्या बदल्यात, कुणी सांगितलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. खाली सही, तीच जी तू उजेडात नेऊन बघितलीस. दुसऱ्या कागदावर चौथी पायरी पुन्हा पूर्ण लिहिली आहे, आणि तिच्या आधी एक नवी: काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक यंत्राला निरोप ऐकू येतो का ते तपासा, येत नसेल तर त्याच्यापुरतं काम तिथेच थांबवा आणि ते आधी दुरुस्त करा. ही मला तेव्हा सुचली नव्हती. तुझ्या सहाव्याने शिकवली.

चौकशीत तुझा वाटा तू स्वतः सांग. "विनंती पाठवली असं दिसलं, मी ती पोचली असं धरलं, ती माझी चूक." एवढंच वाक्य, सरळ बघून. निष्काळजीपणा हा शब्द कुणी तुझ्या तोंडात घालायला लागला तर तोंड मिटून घे. जमणार नाही तुला, पण प्रयत्न कर.

नोकरी राहील की जाईल मला माहीत नाही. माझ्या शब्दाला तिथे सोमवारनंतर किती किंमत राहील तेही माहीत नाही. पण शुक्रवारी तो कागद भिंतीवर राहता कामा नये.

तेव्हा सोमवारी साडेदहाची वाट बघू नकोस. दहाच्या आत आवक-जावकच्या खिडकीवर जा, हे दोन्ही कागद आणि हिरव्या फाइलीतलं पान सात तिथे दे, आणि तुझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नकोस.

आत्या